जमिनीखाली काय आहे यावर देश श्रीमंत होत नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘देश श्रीमंत का होतात’ यावर जो लेख आला होता तो मी दोनदा वाचला. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं की ज्याच्या जमिनीखाली तेल किंवा खनिज आहे तो तरला आणि ज्याच्याकडे माणसंच जास्त तो बुडाला. मला हे अजिबात पटलं नाही आणि म्हणून मॉरिशसचं उदाहरण घेऊन मुद्दाम लिहितोय, कारण हा लेख कॉलेजची पोरं वाचतात आणि तेच खरं धरून चालतात.

मी चौतीस वर्षं बँकेत कॅशिअर होतो, आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्याकडे मॉरिशसहून एक पाहुणे आले होते. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई बंदरातून बोटीत बसून उसाच्या मळ्यावर करारावर गेलेले, तिकडे मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये अशा लोकांची जुनी दप्तरं जपून ठेवली आहेत, त्यातून त्यांनी गावाचं नाव शोधून काढलं आणि गाव शोधत शोधत आमच्यापर्यंत पोचले. चाळिशीचा माणूस, मराठी थोडं अडखळत पण गोड बोलतो, मला काका काका म्हणायचा, आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे त्याने सांगितलं तेव्हा आमच्या सौ.ना फार कौतुक वाटलं.

चहा घेताना मी सवयीने त्याला तिकडच्या नोटा बघायला मागितल्या. त्याने पाकिटातून काढून टेबलावर मांडल्या आणि मी चष्मा लावून एकेक हातात घेतली. पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे आ-चुएन. पन्नासवर गोऱ्या फ्रेंच घराण्यातले पाटुरो. शंभरवर तमिळ सीनिवासेन, दोनशेवर अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेवर सुखदेव बिसुनदयाळ आणि हजारच्या नोटेवर क्रिओल समाजाचे (म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे) पुढारी गाएतान द्युवाल. दोन हजारवर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. आता यातली खरी गोष्ट पाहुण्यांनी सांगितली ती अशी की हे द्युवाल स्वातंत्र्याच्या विरोधात होते! १९६७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने स्वातंत्र्य नको म्हणून प्रचार केला आणि शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी त्यांना मतं दिली. आणि तरी देशाने त्यांना हजारच्या नोटेवर बसवलंय. आयुष्यभर मी नोटा मोजल्या पण एका देशाच्या नोटांमध्ये त्या देशाचं अर्थशास्त्र एवढं स्पष्ट दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सगळ्या समाजांना, विरोधकांनासुद्धा, सामावून घेतलं हेच ते अर्थशास्त्र. कारण बघा, या देशाचं काही भलं होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. १९६१ मध्ये इंग्लंडचे जेम्स मीड, ज्यांना पुढे १९७७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी मॉरिशसचा अभ्यास करून फार काळजीचं चित्र मांडलं होतं. बेट एवढंसं, दोन हजार चौरस किलोमीटर. मलेरिया हटल्यावर लोकसंख्या भराभर वाढलेली, निर्यातीत साखरेशिवाय जवळजवळ काहीच नाही, वर दर काही वर्षांनी चक्रीवादळ येऊन ऊस झोपवणार, १९६० मध्ये कॅरोल वादळाने हजारो घरं मोडली होती. आणि माणसं तरी कशी, हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी, मूठभर गोरे जमीनदार, कुणाचा कुणावर भरवसा नाही. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईमध्ये दंगल पेटली होती आणि ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं होतं. तुमच्या लेखाच्या हिशोबाने हा देश बुडायलाच हवा होता.

त्याच वर्षी, फक्त सहा आठवडे आधी, ३१ जानेवारी १९६८ ला पॅसिफिकमधलं नाउरू स्वतंत्र झालं. एकवीस चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाची शीव, पण जमिनीत नुसतं फॉस्फेट. खतासाठी जगभर मागणी. १९७० मध्ये खाणी त्यांच्या ताब्यात आल्या आणि थोड्याच वर्षांत दरडोई उत्पन्नात हे लोक जगात सगळ्यात वरच्या ओळीत जाऊन बसले. टॅक्स नाही, दवाखाना फुकट, स्वतःची विमान कंपनी, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला बावन्न मजल्यांचा टॉवर. पुढच्या दिवसांसाठी ट्रस्ट सुद्धा काढला होता, म्हणजे अक्कल नव्हती असं नाही, पण त्या ट्रस्टचा हिशोब नीट कुणी विचारला नाही, पैसा नको तिथे गेला, अगदी लंडनमध्ये १९९३ साली लिओनार्दो दा विंचीवरच्या संगीत नाटकात घातला आणि ते नाटक पडलं. फॉस्फेट संपत आलं, कर्ज झालं, २००४ मध्ये तो टॉवर विकला, २००५ मध्ये शेवटचं विमान सावकाराने उचलून नेलं. बेटाचा मधला भाग आज चुनखडीच्या सुळक्यांचं रान आहे, तिथे काही पिकत नाही. जमिनीखालची संपत्ती म्हणजे काय हे बघायचं तर नाउरूत बघावं.

मग मॉरिशसने काय केलं? साखर कारखाने आणि मळे गोऱ्यांकडून हिसकावून घेतले नाहीत. आपल्याकडच्या डाव्या विचारांच्या मित्रांना हे आवडणार नाही पण तसंच झालं. त्याऐवजी साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि शाळा, दवाखाने, म्हातारपणाची पेन्शन यावर सरकार खर्च करत राहिलं. १९६९ मध्ये रामगुलाम यांनी ज्यांना हरवलं त्याच द्युवालना सरकारात घेतलं. संसदेत तर अशी सोय आहे की निवडून आलेल्या बासष्ट जणांशिवाय आठ जागा हरलेल्यांतून भरायच्या, ज्या समाजाचे लोक कमी निवडून आलेत त्यांना मिळाव्यात म्हणून. जमीनदारांना कळलं की आपल्याला कुणी हाकलत नाही, तेव्हा त्यांनी पैसा बाहेर न नेता तिथेच हॉटेलं आणि कपड्यांच्या फॅक्टऱ्यांत घातला. १९७० मध्ये एक्सपोर्टच्या फॅक्टऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला, हाँगकाँगच्या लोकांना युरोपात माल पाठवायला कोट्याची (ठरवून दिलेल्या मर्यादेची) अडचण होती ते इथे आले, आणि ऐंशीच्या दशकात कपडा साखरेच्या पुढे गेला.

आमच्या पाहुण्यांची आई त्यातलीच. अठराव्या वर्षी लोकरीच्या स्वेटरच्या फॅक्टरीत लागली, दिवसभर उभं राहून बाह्या जोडायची. तिच्या घरात पगाराचं पाकीट आणणारी ती पहिली बाई. तिच्या आधी सगळ्या बायका उसात. धाकटा मामा मात्र शिकला कारण १९७७ पासून हायस्कूलची फी माफ झाली होती, आणि स्वतः पाहुणे आज अकाउंटंट आहेत. तीन पिढ्यांत कोयता, मशीन आणि कॉम्प्युटर. हे सांगताना त्यांनी आईच्या हाताचा फोटो मोबाईलवर दाखवला, उजव्या अंगठ्याला सुईचा जुना व्रण, तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता कुणी म्हणेल नशीब होतं. होतं ना! १९७५ पासून युरोपने पाच लाख टनांच्या आसपास साखर चढ्या भावाने घ्यायचं कबूल केलं होतं, हे नशीबच. पण तोच करार फिजीलाही मिळाला होता. तिथेही ऊस, तिथेही आपले गिरमिटिये, म्हणजे करारावर गेलेले मजूर. फिजीत १९८७ मध्ये निवडणुकीत हरलेल्यांच्या बाजूने लष्कर उतरलं, एका वर्षात दोन बंड झाली, हजारो भारतीय वंशाचे लोक देश सोडून गेले, पुढे शेतकऱ्यांच्या जमिनीचे पट्टे संपले तसे उसाचे मळे ओस पडत गेले. आणि मॉरिशसमध्ये १९८२ ला विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या, खुद्द रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात पडले, आणि ते गुपचूप खुर्ची सोडून घरी गेले. पुढच्याच वर्षी त्यांना गव्हर्नर जनरल केलं. फरक इथे आहे हो, साखरेत नाही.

सगळं छान आहे असं माझं म्हणणं नाही. क्रिओल समाज मागे राहिला, १९९९ मध्ये त्यावरून दंगल झाली. जमीन अजून मोजक्याच घराण्यांकडे आहे. आणि आपल्या देशातला पैसा टॅक्स वाचवायला मॉरिशसमार्गे फिरून येत होता, २०१६ मध्ये दोन्ही देशांतला टॅक्सचा करार बदलेपर्यंत, त्यात आपल्या तिजोरीचं नुकसान झालं हेही लिहायला हवं, मला त्याचा रागच आहे. तरीसुद्धा २०२० मध्ये जागतिक बँकेने त्यांना उच्च उत्पन्नाच्या देशांत घेतलं होतं, कोरोनाने वर्षभरात खाली आणलं ते वेगळं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत मॉरिशस, फिजी आणि नाउरू यांचे आकडे १९६८ पासून शेजारी शेजारी छापावेत. आणि जमलं तर तिकडच्या मराठी माणसांशी बोलून लिहावं, शाळांमध्ये ते अजून मराठी शिकवतात. पाहुण्यांनी जाताना पंचवीसची नोट मला ठेवायला दिली. हवी असल्यास फोटो पाठवतो.

आपला,
एक निवृत्त कॅशिअर, चिपळूण