बाथटबची जोडणी व मैलावाहिनीच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बाथरूममध्ये बसवलेल्या टबमध्ये मैलापाणी परत येणे व खालच्या सदनिकेत होणारी गळती.

महोदय,

पुण्यातील माझ्या सदनिकेच्या बाथरूममध्ये टब बसवण्याचे आणि त्यासाठी कमोडची जागा बदलून मैल्याची पाइपलाइन फिरवण्याचे काम मी आपल्या कंपनीला साहित्यासह दिले होते. काम पूर्ण झाल्याचे आपल्या पर्यवेक्षकांनी कळवले आणि बिलाची बहुतांश रक्कम आपल्याला मिळालीही. परंतु कमोडचा फ्लश केला की टबच्या तळाच्या जाळीतून बुडबुडे येतात आणि त्यापाठोपाठ मैलामिश्रित पाणी वर चढते. हा टब माझ्या मुलीसाठी आहे. तिला कोमट पाण्यात बसून करायचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितले आहेत, आणि तिला ज्या टबमध्ये बसवायचे त्यातच घाण येत असताना याला किरकोळ गैरसोय म्हणणे मला शक्य नाही.

आमचे बाथरूम जेमतेम सात फूट बाय पाच फूट आहे. पाच फुटी टब डक्टकडील (इमारतीच्या उभ्या पाइप असलेल्या पोकळीकडील) भिंतीलगतच मावतो, म्हणून तेथील कमोड दाराकडे हलवावा लागेल, असे आपल्याच प्रतिनिधींनी मोजमाप घेऊन सांगितले होते. कमोड डक्टपासून दूर गेला की त्याची ११० मिमीची पाइप टबखालून सुमारे दोन मीटर न्यावी लागते, आणि ४० ला १ या प्रमाणात उतार धरला तर तेवढ्या अंतरात ५० मिमी उतार हवा. बाथरूमखालच्या स्लॅबच्या मुद्दाम खोलगट ठेवलेल्या (संकन) भागात तेवढी खोली आहे, याची खात्री करून घेतल्याचे आपल्या कोटेशनमध्ये लिहिलेले आहे. प्रत्यक्षात टबच्या बाजूच्या फरशा काढून एका अनुभवी प्लंबरकडून लेव्हल ट्यूबने (पातळी मोजण्याच्या पाणी भरलेल्या नळीने) तपासून घेतले, तेव्हा पूर्ण लांबीत जेमतेम १५ मिमी उतार आढळला आणि डक्टजवळच्या वळणाआधी तर पाइप उलट्या उताराने चढलेली दिसली. साहजिकच पाणी पुढे निघून जाते, घट्ट भाग मागे राहतो आणि पुढच्या फ्लशचे पाणी त्यावर अडते. शिवाय वळणावर ४५ अंशांचे दोन बेंड देण्याऐवजी ९० अंशांचा साधा एल्बो लावला आहे, आणि तुंबल्यास साफ करण्यासाठी डोअर बेंड (उघडता येणारे झाकण असलेला बेंड) कोठेही नाही.

यापेक्षाही गंभीर चूक टबच्या निचऱ्याची आहे. आमच्या इमारतीत कमोडचा मैला आणि नहाणीचे सांडपाणी यांच्यासाठी डक्टमध्ये दोन स्वतंत्र उभ्या पाइप आहेत. मैला थेट चेंबरमध्ये जातो आणि सांडपाणी खाली गली ट्रॅपमधून, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी साठून राहणाऱ्या वळणातून, जाते. टबचे पाणी हे सांडपाणी असल्याने ते नहाणी ट्रॅपमार्फत दुसऱ्या पाइपमध्ये सोडणे आवश्यक होते. आपल्या कामगारांनी जवळ पडते म्हणून ते टबखालीच कमोडच्या आडव्या पाइपला जोडले. त्यामुळे तुंबलेला मैला सर्वांत सखल तोंडातून, म्हणजे टबमधून, बाहेर येतो आणि एरवीही फ्लशच्या ओढीने टबच्या ट्रॅपमधील पाणी खेचले जाऊन दिवसभर दुर्गंधी येते. ही जोडणी टबखाली दडलेली असून तपासणीसाठी झाकणसुद्धा न ठेवता बाजू विटांनी बंद करून वर फरशी लावली आहे. भरलेला टब आणि त्यातील माणूस यांचे वजन २०० किलोच्या घरात जाते. तरीही टबच्या पायांखाली पक्का थर न देता सुट्या विटा सरकवलेल्या आढळल्या.

पाइपसाठी जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) फोडल्यानंतर तेथे नव्याने वॉटरप्रूफिंग करून, पाणी साठवून ४८ तास चाचणी घेण्याचे आपण लेखी मान्य केले होते. ती चाचणी झाली नाही. परिणामी खालच्या सदनिकेच्या छताला ओल आली असून प्लास्टर फुगले आहे. सोसायटीने या कामाला परवानगी देतानाच आतील गळतीची जबाबदारी सदस्यावर ठेवलेली असल्यामुळे त्या कुटुंबाला रोज उत्तर मला द्यावे लागते, आणि त्यांची नाराजी रास्त आहे. या सर्वावर आपल्या पर्यवेक्षकांचे म्हणणे एवढेच की, आम्ही फ्लश कमी वापरावा व महिन्यातून एकदा अॅसिड टाकावे. चुकीचा उतार अॅसिडने सुधारत नाही, हे या व्यवसायातील माणसाला मी सांगावे लागावे, याचा मला मनापासून खेद वाटतो.

तरी टब उचलून मैलावाहिनी योग्य उताराने व डोअर बेंडसह पुन्हा टाकावी, टबचा निचरा सांडपाण्याच्या पाइपला स्वतंत्रपणे जोडावा, टब पक्क्या थरावर बसवून बाजूला उघडता येणारे झाकण ठेवावे आणि वॉटरप्रूफिंगची चाचणी माझ्या व खालच्या सदनिकाधारकांच्या उपस्थितीत घ्यावी. फरशी लावण्यापूर्वी उताराचे मोजमाप मला प्रत्यक्ष दाखवावे, ही माझी ठाम अट आहे. या दुरुस्तीचा तसेच खालच्या छताच्या प्लास्टर व रंगाचा खर्च कंपनीने करावा. तोपर्यंत बिलाची उर्वरित रक्कम दिली जाणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कामाची तारीख लेखी न कळवल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. कोटेशन, बिलाच्या पावत्या, उघडलेल्या पाइपची छायाचित्रे आणि प्लंबरचा लेखी अहवाल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
सदनिकाधारक, पुणे