पटाशीच्या दातांची साक्ष कुठवर?

मा. संपादक,

आपल्या विज्ञान पुरवणीतील ‘एक टनाचा उंदीर’ हा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात पुरावा आणि अनुमान यांची सरमिसळ झाली आहे, म्हणून हे पत्र. ज्याच्यावर तो लेख आहे, तो उरुग्वेत सापडलेला नामशेष प्राणी जोसेफोआर्टिगासिया मोनेसी मुळात उंदीर नव्हे. कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी असला, तरी त्याचा जवळचा हयात नातलग म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पाकाराना हा कुरतडणारा प्राणी.

२००८ मध्ये त्याचे वर्णन झाले ते ५३ सेंटिमीटर लांबीच्या एका कवटीवरून. वजन जवळपास १,००० किलो असे तेव्हा म्हटले गेले, परंतु त्याच संशोधकांच्या हिशेबात ४६८ पासून २,५८६ किलोपर्यंतचे आकडे होते, आणि २०२२ मध्ये कवटी मानेच्या मणक्यावर जिथे टेकते त्या सांध्याच्या रुंदीवरून काढलेला अंदाज ४८० किलोच्या आसपास आला. मथळ्याला टन सोयीचा, हे खरे.

जबड्याची गोष्ट अधिक रंजक आहे. दाढा कवटीच्या मानाने लहान, म्हणून आधी मऊ वनस्पती आणि फळे असा आहार सुचवला गेला होता. २०१५ मध्ये सीटी स्कॅनवरून संगणकावर कवटीची प्रतिकृती उभारून ताण मोजले, तेव्हा पटाशीच्या दातांशी चाव्याचा जोर सुमारे १,४०० न्यूटन आणि शेवटच्या दाढेशी त्याच्या जवळपास तिप्पट निघाला. शिवाय पटाशीचे दात स्वतःच्या चाव्याच्या तिपटीएवढा भार सोसतील, असेही दिसले. खाण्यापुरती एवढी मजबुती कशाला, या प्रश्नातून हत्तीच्या सुळ्यांप्रमाणे माती उकरणे किंवा शत्रूला तोंड देणे या शक्यता पुढे आल्या. आपल्या लेखात मात्र तो ‘दातांनी श्वापदांना लोळवत असे’, असे बेधडक छापले आहे. दात किती भार पेलू शकला असता एवढेच गणित सांगते. त्या दाताने रोज काय केले, ते टोकाची झीज पाहूनच ठरवावे लागेल.

बीव्हर म्हणजे दातांनी झाडे पाडणारा, पाण्याकाठी राहणारा कुरतडणारा प्राणी. उत्तर अमेरिकेतील नामशेष राक्षसी बीव्हरच्या बाबतीत हेच घडले. पटाशीचे दात १५ सेंटिमीटरपर्यंत लांब, तेव्हा झाडे तोडत असणारच, असे अनेकांनी गृहीत धरले. २०१९ मध्ये हाडांतील कार्बन व नायट्रोजनच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंनी) पाणवनस्पतींचा आहार दाखवला. त्या दातांची टोके आजच्या बीव्हरसारखी धारदार नसून बोथट, गोलसर आहेत, आणि ती तशीच संग्रहालयांत कित्येक वर्षे सर्वांसमोर होती.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक