माझी बॅग हलकी करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

नौदलात पाणबुडे म्हणून नोकरी केलेलं कुणी जुळे सोलापुरात, आमच्या मागच्याच गल्लीत राहतं, हे मालदीवची तिकिटं काढेपर्यंत मला माहीत नव्हतं. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स झाला होता, तो पुरा केल्याचं कार्ड हातात होतं. पण विमानाने परदेशी जाताना डायव्हिंगचं कोणतं सामान न्यायचं, हे विचारायचं कुणाला? तुम्ही ओळखदेख नसताना घरात बसवून घेतलंत आणि संध्याकाळच्या संध्याकाळ माझ्या यादीवर घालवल्यात. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

‘यातली कोणती वस्तू तिथे धड मिळाली नाही तर तुला पाण्यात उतरता येणार नाही?’ हा तुमचा पहिलाच प्रश्न. सिलिंडर आणि शिशाची वजनं लगेच कटली. भरलेला सिलिंडर विमानात चालत नाहीच, आणि ही दोन्ही डाइव्ह सेंटरकडे असतातच. हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळणारं बीसीडी जॅकेट, पायात घालायचे फिन्ससुद्धा भाड्याने. सिलिंडरमधली हवा तोंडाशी पोचवणाऱ्या रेग्युलेटरसाठी मी पैसे बाजूला काढले होते. क्वचित वापरायच्या वस्तूची नियमित सर्व्हिसिंग कुठे करत बसशील, म्हणालात. त्याऐवजी भाड्याचा तपासायला शिकवलंत: श्वास घेताना प्रेशर गेजकडे बघ, काटा हलला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसेल. बोटीवर प्रत्येक वेळी मी हे केलं.

मास्क मात्र स्वतःचाच, आणि तोही हातातल्या बॅगेत. मला जाड चष्मा; तुम्ही नंबराच्या काचांचा मास्क घ्यायला लावलात. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने श्वास ओढायचा, हात सोडल्यावर तो टिकला तर बसला. नव्या काचेला आतून टूथपेस्ट चोळायची, नाहीतर धुकं धरतं. भाड्याच्या मास्कमधून मला कासव म्हणजे एक तपकिरी डाग दिसला असता. या मास्कमधून त्याच्या पाठीवरच्या रेघाही दिसल्या, काका.

डाइव्ह कॉम्प्युटरही तुमच्या सांगण्यावरून स्वतःचा घेतला, कारण आधीच्या डाइव्हमध्ये अंगात किती नायट्रोजन साठला याचा हिशेब तोच ठेवतो. रोज वेगळं यंत्र बांधलं तर तो हिशेब तुटतो. टॉर्चच्या जादा लिथियम बॅटऱ्या टोकांना टेप लावून केबिनमध्ये, चाकू मोठ्या बॅगेत. बेटावर नेणाऱ्या सी-प्लेनला २० किलो सामान आणि हातात ५ किलो एवढीच मुभा; तेव्हा मोठ्या विमानाचा आकडा विसरून हाच धरायचा, हेही तुमचंच. भुसार दुकानातल्या काट्यावर बॅग मोजली तेव्हा दुकानदार बघतच राहिला. आईने चादरीइतका जाड सोलापुरी टॉवेल भरला होता. समुद्राच्या दमट हवेत तो वाळणार नाही म्हणून तुम्ही तिलाच पटवून पंचा ठेवायला लावलात. माझं तिने ऐकलं नसतं.

पण खरे आभार यादीत नसलेल्या गोष्टीचे आहेत. तुम्ही परतीच्या विमानाची वेळ विचारलीत आणि शेवटच्या सकाळची डाइव्ह पेनाने खोडलीत. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. केबिनमधला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, आणि अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. पैसे भरलेली डाइव्ह सोडताना मी कुरकुरले. तुम्ही रागावला नाहीत. अशा त्रासाने सांधे धरून बसलेला तुमचा सहकारी कसा दिसत होता, तेवढं शांतपणे सांगितलंत. ती सकाळ मी किनाऱ्यावर काढली आणि मला एका क्षणाचंही वाईट वाटलं नाही.

माझी एक मैत्रीण आता श्रीलंकेला निघाली आहे. तिच्या यादीत दोन चाकू आणि स्वतःचा सिलिंडर आहे. रविवारी संध्याकाळी तिला घेऊन येऊ का?

तुमची कृतज्ञ,
मागच्या गल्लीतली पुतणी