वहीतल्या एका रकान्यासाठी

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला लेकाकडे राहायला गेलात त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. निघताना लाल कापडी बांधणीची वही माझ्या हातात दिलीत आणि "आता तुझं तू बघ" एवढंच म्हणालात. खाली टेम्पोत तुमचं सामान चढत होतं, वर माझा शेवेचा घाणा कढईत होता, हात कोपरापर्यंत तेलकट. धड नमस्कारही झाला नाही. तो आता करतेय, आणि चारचौघांत करतेय. कारण घरच्या ओट्यावर फराळ, पोळ्या, मसाले करून विकणाऱ्या बायका मला विचारतात, "तुमचं जमलं कसं हो?" आणि दर वेळी सांगायला लागले की गोष्ट तुमच्यापाशी येऊन थांबते.

२०१७ चे गणपती नुकतेच गेले होते. तुम्ही दुसऱ्या मजल्यावरून चकली घ्यायला खाली आलात. तेव्हा आम्ही २८० रुपये किलोने देत होतो. पैसे मोजता मोजता विचारलंत, "यात तुम्हाला सुटतात किती?" मी ठसक्यात सांगितलं, साहित्य, तेल, गॅस, पिशवी धरून दीडशे जातात, वरचे १३० आपले. तुम्ही नुसती मान डोलावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हातात घड्याळ आणि कोरी वही घेऊन दारात. ओट्याजवळ स्टूल ओढून बसलात. आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटलं चहा हवाय, त्यांनी आधण ठेवलं.

दिवसभर बसलात की हो! आई सोऱ्या फिरवत होत्या, मी तळत होते, तुम्ही मध्येच काहीतरी टिपत होतात. मला तेव्हा थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ जात नाही, असं मी रात्री ह्यांना म्हटलंसुद्धा. संध्याकाळी वही वाचायला दिलीत. त्यात एक ओळ होती: "वहिनी दर तिसऱ्या सोऱ्याला थांबतात, मनगट झटकतात, पदराला हात पुसून पुन्हा मूठ फिरवतात." मी तीन वर्षं त्यांच्या शेजारी उभी होते काका. माझ्या नजरेला ते कधी पडलं नव्हतं.

मग तुम्ही हिशोब मांडलात. दहा किलो चकलीला दोघींचे मिळून चौदा तास. त्याआधी भाजणीचं धुणं, वाळवणं, तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजणं, गिरणीत जाऊन उभं राहणं, हे तीन तास. सतरा तासांना ६० रुपयांनी १,०२०, म्हणजे किलोमागे १०२. माझ्या १३० मधले उरले २८. आणि दहा किलोत जी किलोभर तुटकी निघते, जी आम्ही शेजारी-पाजारी वाटून टाकायचो, तिच्यात तेही गेले.

"पण आई कुठे मजुरी घेतात?" मी म्हटलं.

"त्या आजारी पडल्या तर त्यांच्या जागी कोणाला बोलावशील? ती फुकट येईल?"

मला उत्तर सुचलं नाही. आईंनी मात्र गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच आमच्या बोलण्याकडे वळून पाहिलं.

त्या रात्री तुम्ही वहीत नवा रकाना आखलात, "हातमजुरी". त्यात दोन उपरकाने: एक माझा, एक आईंचा. दर ३६० करावा लागला. त्या दिवाळीत अकरा गिऱ्हाइकं गेली. "घरचंच तर करता, मग एवढं महाग कसं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी उत्तर पाठ झालं: घरचं आहे म्हणूनच. अकरातली चार पुढच्या वर्षी परत आली. बाकीच्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही; तुम्ही घेऊ दिलं नाहीत.

तुम्ही मूळचे गिरगावचे, त्यामुळे लिज्जतची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायला मजा यायची. १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी गिरगावातल्याच एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले, ८० रुपये उसने घेऊन. सगळे ते ८० रुपयेच सांगतात, असं तुम्ही चिडून म्हणायचात. तिथे लाटणाऱ्या बाईला तिची 'वणाई', म्हणजे लाटण्याची मजुरी, मिळते आणि प्रत्येक बहीण संस्थेची मालक असते, ते कोणी का सांगत नाही? प्रेमा पुरवांचंही नाव तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलंत. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराकडून बँकेच्या दारात आणलं. तुमची आईही लालबागला आठ-दहा जणांना जेवू घालायची, हे तुम्ही एकदाच बोललात, तेही माझ्याकडे पाठ फिरवून, वहीत रेघा ओढता ओढता. "तिचा हिशोब कोणी ठेवलाच नाही," म्हणालात आणि लगेच हरभरा डाळीचा भाव विचारलात. मीही पुढे काही विचारलं नाही.

आता आईंची मजुरी. पहिलं पाकीट दिलं तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. पाकिटावर त्यांचं पूर्ण नाव लिहा, असा तुमचा आग्रह. त्यांनी ते घेतलं, देवापुढे ठेवलं, आणि मला वाटलं झालं, आता हे पैसे नातवंडांच्या खाऊत जाणार. दुसऱ्या वर्षी ऐन ऑक्टोबरात, वसुबारसेला दहा दिवस उरले असताना, जेवताना त्या म्हणाल्या, "मी उद्या रोह्याला जातेय, बहिणीकडे. चार दिवस. तिकीट काढलंय." ह्यांचा घास हातातच राहिला. तिकीट! स्वतःच्या पैशांनी, स्वतः स्टेशनवर जाऊन, कोणाला न विचारता. मी धावत वर तुमच्याकडे आले तक्रार घेऊन. तुम्ही पोट धरधरून हसलात. "मजुरी दिलीस ना? मग रजाही दे."

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंना मजुरीवर बोलावलं. पहिल्या दिवशी मोहन जास्त पडलं, चकली तेलात सुटून गाळच झाला. पण त्यांना द्यायचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न पडला नाही. ते दरात धरलेले होते. त्या ताई आजही येतात, आणखी दोघी आहेत. आणि आई दर वर्षी ऑक्टोबरात रोह्याला जातात. आम्ही बुकिंगच त्या बेताने घेतो.

बाकीचं पटापट सांगते. घरच्या पैशांचा डबा आणि धंद्याच्या पैशांचा डबा वेगळा केलात. ह्यांना फराळाच्या गल्ल्यातून पेट्रोलला पाचशे उचलायची सवय होती, ती सुटायला वर्ष गेलं. घरचा तांबडा सिलिंडर धंद्याला वापरत होतो, तो तुमच्या नजरेतून सुटला नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यायला लावलात. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून चौदा आकडी नंबर पिशवीवर छापून घेतलात. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती आणि मी ती टाळत होते, ह्याची अजून लाज वाटते. रात्री आठनंतर पीठ मळायचं नाही हा नियम मात्र माझा, मुलीच्या दहावीच्या वर्षापासूनचा. तुम्ही तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलात.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. २०२२ च्या दिवाळीत एका कंपनीची ४०० खोक्यांची ऑर्डर आली, दर पाडून, उधारीवर. नाव लिहीत नाही. तुम्ही नको म्हणाल म्हणून सांगितलंच नाही. माल गेला ऑक्टोबरात, पैसे आले मार्चमध्ये, आणि तेही अर्धा दिवस त्यांच्या स्वागतकक्षात बसून. मधले पाच महिने किराण्याचं बिल मी बांगड्या ठेवून भागवलं. जानेवारीत तुम्हाला कळलं तेव्हा रागावला नाहीत. कागद काढलात आणि समजावलंत, की २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. "पण उद्यम नोंदणी माल देण्याआधी करायला हवी होतीस." ती फुकट होते, मोबाईलवर होते, हे मला माहीतच नव्हतं. त्याच संध्याकाळी केली. आता कंपनीचा फोन आला की आधी अर्धे पैसे, मग भाजणी.

आणि २०२४. गणपतीत दरपत्रक छापून बुकिंग सुरू केलं. अनंत चतुर्दशी व्हायची होती, तोच १४ सप्टेंबरला कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेलं. पंधरा लिटरचा डबा बघता बघता तीन-चारशेंनी चढला. मी सगळ्यांना फोन करून दर वाढवायला निघाले होते. तुम्ही यादी मागितलीत आणि दोन खुणा केल्यात. ज्यांनी आगाऊ पैसे दिलेत त्यांना जुनाच दर, मग आपलं कितीही जाऊ दे. जे नुसतं "लिहून ठेवा" म्हणालेत त्यांना नवा. ६२ जणांना जुन्या दराने दिलं. त्या वर्षी चकलीत जवळजवळ काही राहिलं नाही. पण दरपत्रकावर आता "आगाऊ रक्कम भरल्यासच हा दर" अशी ओळ असते. तुमचं सामान हलायच्या आधीचा हा तुमचा शेवटचा हिशोब.

एका बाबतीत तुम्ही चुकलात हे मात्र लिहिणार. "अनारसे बंद कर," म्हणालात. तीन दिवस तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, गुळात मळून पीठ मुरवा, आणि तुपात एखादा हसला, म्हणजे फुटून विरघळला, की मागचे चारही बिघडतात. वहीत तो तोट्याचाच रकाना. खरं आहे. पण माणसं आधी "अनारसे आहेत का?" विचारतात आणि मग चिवडा-लाडू लिहून देतात, हे रकान्यात कुठे दिसतं? २०२३ च्या अधिक श्रावणात जावयांच्या ३३-३३ च्या वाणांनी मला श्वास घेऊ दिला नाही, यंदाच्या अधिक ज्येष्ठातही तेच. अनारशांचा रकाना मी अजून लाल शाईनेच लिहिते, आणि अनारसे करतेच.

वही संपत आली. तशीच दुसरी आणलीय, रकाने मुलीने आखलेत. आईंचा आता निम्मा वेळच धरतो, मनगट दुखतं, पण उपरकाना त्यांच्याच नावाचा आहे. त्या तुम्हाला नमस्कार सांगतात आणि विचारतात, पुण्याच्या पाण्याला चहा कसा होतो.

सोबत अर्धा किलो चकली पाठवतेय, आईंच्या हातची. पैसे पाठवू नका. वहीत लिहिलंय: काकांना भेट, साहित्य आणि मजुरी धरून, धंद्याच्या खर्ची.

तुमची,
खालच्या मजल्यावरची