शाळांच्या बुद्धिबळात संघ हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेचा, विषय निघाला की आपल्याकडे दोन-तीन नावांपलीकडे बोलणे जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकले, ते प्रत्येक सामन्यात चार-चार पटांवरच्या गुणांची बेरीज होऊन. महिला संघ आठव्या फेरीत पोलंडकडून हरला, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी झाली आणि दहाव्या फेरीत समोर चीन. हरिका, वैशाली आणि वंतिकाने आपापले डाव बरोबरीत सोडवले, नागपूरच्या दिव्या देशमुखने नी शिछुनला हरवले. विजयाचा एक गुण, बरोबरीचा अर्धा; सामना अडीच-दीडने आपला. त्या तीन बरोबऱ्यांतली एक जरी निसटली असती तरी दिव्याच्या विजयाने सामना जिंकता आला नसता. शेवटच्या फेरीत अझरबैजानला हरवून सुवर्ण पक्के झाले. कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. कर्णधाराला चाल सुचवता येत नाही, पण बरोबरी मागावी की नाही, हे सामन्याची स्थिती पाहून सांगता येते.

मी वाईजवळच्या एका शाळेत मुलांना बुद्धिबळ शिकवते. आमच्या भागातल्या स्पर्धा जवळजवळ सगळ्या वैयक्तिक. हरलेले मूल दप्तर उचलते आणि घरी जाते, शेजारच्या पटावर काय चालले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. गेल्या वर्षी शेजारच्या शाळांना जमवून आम्ही चार पटांचे सामने घेतले. सातवीतली एक मुलगी हत्तींच्या अंत्यडावात एका प्याद्याने पुढे होती. बाकीच्या तिघांचे डाव संपले होते आणि संघाचे दोन गुण झाले होते. तिने ते पाहिले, घड्याळ पाहिले आणि मला विचारले, "बाई, बरोबरी मागू?" एरवी ही पोरगी बरोबरीचे नाव काढू देत नाही. समोरच्या मुलाने हात पुढे केला आणि तिचे तिन्ही सोबती पटाशी धावले.

तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांत क्रीडा खात्याने चार पटांचा सांघिक गट सुरू करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेगळे साहित्य लागत नाही. तेच पट, तीच घड्याळे. आणि आपल्या दैनिकाने यापुढे ऑलिम्पियाडच्या बातमीत चारही पटांचे निकाल छापावेत. आमची मुले ते वहीत उतरवून घेतात.

आपली,
एक बुद्धिबळ शिक्षिका, वाई (जि. सातारा)