थर्मोस्टॅट भेटला

ईस्ट एल्महर्स्ट, क्वीन्स
मार्च 2025

प्रिय बंड्या,

थर्मोस्टॅट भेटला. हो तोच, आपला जुना घरमालक. म्हातारा झालाय, केस गेलेत, पण कमरेला तोच किल्ल्यांचा जुडगा आणि बोलताना तसंच समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. व्हॉट्सअॅपवर सांगणार होतो, पण तू तिथे एक हसणारा गोळा पाठवून विषय संपवतोस, आणि हे मला नीट बोलायचंय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरं मग? तिला काय माहीत जानेवारीत आपण दोघं ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर बसायचो ते.

तब्येती ठीक. माझी शुगर काठावर आहे, डॉक्टर चाला म्हणतो, चालतोय. बायकोचा खांदा बरा झाला. पुढे.

तर झालं असं की इथल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये आमच्यासारख्या एक-दोन फॅमिलीच्या घरवाल्यांची मीटिंग होती, लोकल लॉ 18 वर, म्हणजे एअरबीएनबीसारख्या साइटवरून घर थोड्या दिवसांच्या भाड्याने द्यायच्या न्यूयॉर्क शहराच्या कायद्यावर. तू भारतात परत गेलास तेव्हा हा नव्हता. तेव्हा स्टेटचा 2010 चा कायदा होता, तीन किंवा जास्त फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये स्वतः राहत नसताना अख्खा फ्लॅट 30 दिवसांच्या आत कुणाला द्यायचा नाही, आणि तो कोण किती पाळत होतं ते तू आणि मी डोळ्यांनी बघितलंय. हा नवा 2022 चा, पण खरी अंमलबजावणी सुरू झाली 5 सप्टेंबर 2023 ला. एअरबीएनबी त्याआधी जूनमध्ये कोर्टात गेली होती, ऑगस्टमध्ये जजने केस फेटाळली. आता 30 दिवसांच्या आतल्या भाड्याला मेयरच्या एका खास ऑफिसात रजिस्ट्रेशन लागतं, फी 145 डॉलर, नाकारलं तरी फी गेली. नंबर नसेल तर साइटनेच बुकिंग घ्यायचं नाही, घेतलं तर त्यांना दंड, आणि मालकाला 5000 डॉलरपर्यंत. म्हणजे पूर्वीसारखं 311 ला, शहराच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करा, इन्स्पेक्टर येईल, बेल वाजवेल, कुणी दार उघडणार नाही, असलं काही उरलं नाही. नळ वरूनच बंद.

आणि रजिस्ट्रेशन मिळायचं तर मालक पाहुणे असताना त्याच घरात राहत असला पाहिजे, पैसे देणारे पाहुणे दोनच, आणि आतल्या कुठल्याही दाराला कुलूप नको, पाहुण्याला सगळ्या घरात फिरता आलं पाहिजे. आमचं घर तुला व्हिडिओ कॉलवर दाखवलंय, वर आम्ही, खाली वेगळं किचन वेगळं दार. मी वर झोपलेला असतो, खाली नळ गळला तर दोन मिनिटांत बनियनवर खाली पोचतो, पण या कायद्याच्या लेखी खालचं युनिट वेगळं, म्हणून मी तिथे हजर नाही. खालचं रजिस्टर होऊच शकत नाही. वरच्या मजल्यावर पाहुणे ठेवू शकतो, आमच्यातच, कुलूप न लावता. घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे, कोण ठेवणार?

तू आता म्हणशील की मग सरळ भाडेकरू ठेव ना वर्षाच्या लीजवर, शहराला तेच पाहिजे. ठेवला होता की. 2019 ला घर घेतलं तेव्हा पहिलं तेच केलं. कोविडमध्ये त्याची नोकरी गेली, भाडं बंद झालं, त्याला मी एका शब्दाने बोललो नाही सुरुवातीला, कसं बोलणार, एल्महर्स्ट हॉस्पिटलसमोर प्रेतं ठेवायचे ट्रक उभे असायचे तेव्हा. पण मग त्याला नोकरी लागली तरी भाडं सुरू होईना, आणि 15 जानेवारी 2022 पर्यंत घराबाहेर काढायला राज्यात बंदीच होती, मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स आणि पाण्याचं बिल मात्र वेळेवर. शेवटी तो आपणहून गेला, बाकी ठेवून. त्यानंतर बायको म्हणाली आता परत कुणाला वर्षभरासाठी किल्ली द्यायची नाही, आणि आम्ही खालचं एअरबीएनबीवर टाकलं.

बंड्या, ते दीड वर्ष खरंच चांगलं गेलं रे. लागार्डिया विमानतळ जवळ, क्यू 70 बस फुकट, दहा-पंधरा मिनिटांत 74 स्ट्रीटचं सबवे स्टेशन. येणारी माणसं कोण, तर कुणाची लेक बाळंत झालीय म्हणून आलेले आईवडील, कुणाचं ऑपरेशन, कुणी ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला. मॅनहॅटनचं हॉटेल ज्यांना कधीच परवडणार नव्हतं असे लोक, आणि आता तर हॉटेलचा सरासरी दर रात्रीला 300 डॉलरच्या वर गेलाय. साताऱ्याचं एक जोडपं होतं, काकूंनी जाताना फ्रीजरमध्ये पुरणाच्या गोळ्यांचा डबा ठेवला आमच्यासाठी. आणि मुख्य म्हणजे आई. आई येणार म्हटलं की कॅलेंडर बंद करायचं, सहा महिने खालचा मजला तिचा. तिला जिना होत नाही हे तुला माहीतच आहे. एका वर्षी ती, एका वर्षी सासूसासरे. वर्षाच्या लीजवर माणूस बसला की हे संपलं, मग आईला ठेवू कुठे, हॉलमधल्या सोफ्यावर?

आता 30 दिवसांच्या वरचं भाडं चालतं, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही. ते करतोय सध्या, ट्रॅव्हलिंग नर्स वगैरे येतात. पण यातली गोम बघ. न्यूयॉर्कमध्ये माणूस 30 दिवस राहिला की त्याला कोर्टात गेल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. म्हणजे शहर मला सांगतंय की ठेवायचाच असेल तर 30 दिवसांच्या खाली ठेवू नकोस, आणि 30 दिवस झाले की तो उठला नाही तर माझा प्रश्न. आणि हाऊसिंग कोर्टाला किती वेळ लागतो ते सांगायला नको. प्रत्येक वेळी शेवटच्या आठवड्यात बायकोला झोप लागत नाही, खाली सामान बांधल्याचा आवाज येतोय का ऐकत बसते. तो हक्क भाडेकरूला असायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं अजून तेच मत आहे जे 2014 ला थर्मोस्टॅटने आपल्याला काढलं तेव्हा होतं. पण आई 12 जूनला येणार असेल तर मेमध्ये कुणालाही किल्ली द्यायची हिंमत होत नाही, म्हणजे जवळजवळ दीड महिना रिकामं, वर आईचे सहा. हे दरवर्षी कसं झेपायचं?

समोरची कोलंबियन आज्जी आठवते? कॉलवर हात हलवला होता तिने. नवरा गेल्यावर तीच दोन खोल्या द्यायची, घरातच, ती तर सगळ्या नियमांत बसायची. पण अर्ज, घराचा नकाशा, कागद अपलोड, सगळं ऑनलाइन, तिला इंग्लिश धड येत नाही, आणि बेडरूमची कुलपं काढायला ती तयार नव्हती, एकटी बाई आहे ती. सोडून दिलं तिने. आता घर विकून मुलाकडे फ्लोरिडाला जाते म्हणतेय.

हां, तर मीटिंग. नोव्हेंबर 2024 मध्ये ब्रुकलिनच्या कौन्सिल मेंबर फारा लुईस यांनी बिल आणलंय, एक-दोन फॅमिलीच्या घरांसाठी सवलत. मालक हजर नसला तरी चालेल, पाहुणे चार, दारांना कुलूप चालेल. हॉटेल कामगारांची युनियन आणि भाडेकरूंच्या संघटना विरोधात, एअरबीएनबी अर्थातच बाजूने. कौन्सिल मेंबरला प्रत्येकाने सहीचं पत्र द्यायचं असं ठरत होतं, आणि मागून आवाज आला, मी एक छोटा घरमालक आहे. मी न वळताच ओळखलं. बंड्या, तू असतास तर खुर्ची उचलली असतीस.

छोटा घरमालक! क्वीन्समध्ये त्याची किती घरं आहेत ते आपणच मोजायचो ना रविवारी चालत जाताना. चहाच्या टेबलाशी मी गेलो, म्हटलं ओळखलंत का, 37 अॅव्हेन्यूच्या मागचं, दुसरा मजला. त्याला काही आठवेना. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, वी हॅव टु स्टिक टुगेदर. सहीचा कागद माझ्या हातात दिला. वर त्याची सही होती, त्याच्या खालची ओळ माझ्यासाठी रिकामी.

मी कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. ते झाल्यापासून मी नीट झोपलेलो नाही, कारण तू बोललेलं सगळं डोक्यात परत चालू झालंय. लीज वाढवणार नाही म्हणाला, घराचं काम काढायचंय म्हणाला, आणि महिन्याभरात आपलंच किचन वेबसाइटवर, फोटोत तू रस्त्यावरून उचलून आणलेलं ते तीन पायांचं टेबल, चौथ्याच्या जागी फोन बुक लावलेलं. तू त्या फोटोवर बोट ठेवून जे म्हणालास ते इथे लिहीत नाही. मग ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल श्नायडरमन यांचा एअरबीएनबीवरचा रिपोर्ट आला आणि तू मला रात्री दोनला उठवून वाचून दाखवलंस, बरेच फ्लॅट चालवणारे होस्ट फक्त 6 टक्के आणि 37 टक्के कमाई त्यांच्याकडे. मी म्हटलं झोप. तू 311 ला तक्रार टाकलीस आणि आपलं पंधरा दिवस बोलणं बंद, कारण मला व्हिसाची भीती होती आणि तू म्हणालास पक्या तू जन्मभर असाच घाबरत बसणार. त्या भांडणात मी अजून माघार घेतलेली नाही हां, तुझ्या नावावर ओपीटी होतं, शिक्षणानंतर काम करायची परवानगी, आणि माझा एच-वन, कामाचा व्हिसा, अडकलेला, हे तू कधी धरलंच नाहीस.

पण तो 6 टक्क्यांचा आकडा मला अजून पाठ आहे आणि माझं म्हणणं त्यातूनच निघतं. कायदा त्या सहांसाठी हवा होता. त्यांना धरला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. 2023 च्या शहराच्या सर्व्हेत रिकामी भाड्याची घरं 1.4 टक्के निघाली, 1968 नंतर इतकी कमी कधीच नव्हती, अशा शहरात कुणी दहा-दहा फ्लॅट पर्यटकांना देत असेल तर बंद करा, माझं काही म्हणणं नाही. पण माझा खालचा मजला बंद करून शहराला घर मिळालं नाही, कारण तो आईसाठी लागतो म्हणून मी वर्षाच्या लीजवर देऊच शकत नाही. कायद्याने मला आणि त्याला एकाच दाव्याला बांधलं. आणि आता सवलतीचं बिल आलंय तर त्यातही तो माझ्या आधी उभा. त्याची घरं पण एक-दोन फॅमिलीचीच आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर असतील, भाच्यांच्या नावावर असतील. मालक हजर नको असं सरसकट झालं की पहिला तो घुसणार, आणि मग कुठल्या तरी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांना तो सांगणार की घराचं काम काढायचंय.

म्हणून त्या कागदावर मी सही करणार नाही. हे ठरलं. बायको म्हणते वेडेपणा करू नकोस, मतं मोजली जातात, यावर्षी कौन्सिलची निवडणूक आहे, पत्रांचा गठ्ठा जाड दिसला पाहिजे. तिचंही खरं आहे, मॉर्गेज तिच्याही नावावर आहे. मी वेगळं पत्र लिहितोय. की मालक स्वतः त्या इमारतीत राहत असेल, वर असो खाली असो, तर दुसरं युनिट देता यावं. एका माणसाला एकच घर. राहतो याचा पुरावा दरवर्षी. लीजवर माणूस असेल तर त्याला काढून पुढची काही वर्षं त्या युनिटला नंबरच द्यायचा नाही. हे शेवटचं कलम तुझं आहे, तू तेव्हा ओव्हनसमोर बसून म्हणाला होतास, मी फक्त लिहून काढलं.

तुझ्या सोसायटीत तू रोजच्या भाड्याच्या फ्लॅटविरुद्ध ठराव आणलास हे वहिनींकडून कळलं. सेक्रेटरी झालास म्हणजे तू आता कुणाचंच ऐकत नसणार. पोरं रात्री लिफ्टमध्ये बाटल्या फोडतात तर बंद करा, पण त्या चौथ्या मजल्यावरच्या बाई स्वतः शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात ना? मग त्यांना आणि मुंबईत बसून तीन फ्लॅट चालवणाऱ्या त्या माणसाला एकच नियम का लावलास? मला याचं उत्तर पाहिजे. भांडायचं असेल तर भांड.

पोराचे दहावीचे पेपर संपत आले असतील, त्याला सांग निकालाआधी गावी जाऊन ये, मग कॉलेजच्या रांगा आहेतच. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुढे ढकललं ते कळव. तुझ्या नव्या नोकरीबद्दल विचारायचं राहिलंच, बरी असेल असं धरतो.

आता मूळ काम. त्या पत्रात आपल्याला काढलं ती गोष्ट लिहायचीय, टेबलासकट. त्याचं नाव नाही टाकणार, पण तुझी तक्रार, इन्स्पेक्टर येऊन गेला ते, सगळं. ती गोष्ट अर्धी तुझी आहे आणि तक्रार तर पूर्ण तुझी, म्हणून तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. तुझ्याकडे त्या तक्रारीचा नंबर आणि वेबसाइटवरच्या फोटोचा स्क्रीनशॉट अजून असणार, तू पावत्या पण जपणारा माणूस. असेल तर पाठव. शुक्रवारी मला ईमेल करायचंय, तेव्हा गुरुवार रात्रीपर्यंत, म्हणजे माझी रात्र, तुझी नाही.

तुझा,
पक्या