जेसीबी लावायच्या आधी एवढं वाच

प्रिय दोस्ता,

काल तू व्हॉट्सॲपवर टाकलेला घराचा नकाशा बघितलो, झूम करू करू बघितलो, आणि फोनवर तुला नुसतं "छान हाय, बोलू निवांत" म्हणून ठेवून दिलो. पण रात्री झोप लागंना. म्हणून सकाळी चहा घेऊन बसलोय आन लांबलचक लिहायलोय, वेळ काढून पूर्ण वाच, आणि वाचून होईपर्यंत जेसीबीवाल्याला तारीख देऊ नको.

पोहायचा पूल कर, त्याला माझं नाही म्हणणं नाहीच. उलट तू पुण्याचा फ्लॅट सोडून गावाकडं घर बांधायलास, लेकरांना पाण्यात खेळवायचं म्हणायलास, हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगता येत नाही. पण ते ४० बाय २० आणि ३ फुटापासून ७ फूट खोल, हे माप कुणी काढलं? तू का कंत्राटदारानं? मला वाटायलंय त्यानंच, कारण नकाशात बाकी सगळ्या खोल्या तुझ्या घरातल्या माणसांच्या हिशोबानं आहेत, देवघरसुद्धा काकूंच्या गुडघ्यांचा विचार करून खाली घेतलंस, आणि पूल तेवढा कुठल्या तरी हॉटेलातून उचलून आणल्यासारखा दिसतो.

आधी पाण्याचा हिशोब करू, कारण आपण दोघं लातूरचे आहोत. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटात, आन आलेल्या आकड्याला २८.३ नं गुण की लिटर निघतात. तुझा पूल सरासरी ५ फूट धरला तर ४००० घनफूट, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. आता दुष्काळातला १२ एप्रिल २०१६ आठव. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली तेव्हा १० वाघिणींत (टाकीच्या डब्यांत) मिळून ५ लाख लिटर पाणी होतं, एकीत ५० हजार. आपण स्टेशनच्या बाजूला उभे होतो, टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून शहरात १४४ कलम लागलेलं होतं, आणि तुझ्या हातात ती निळी कळशी होती जिच्या तळाला तू एम-सील लावलेलं होतंस. तुझा एकट्याचा पूल त्यातल्या सव्वादोन वाघिणी पितो रे. तुला दोष द्यायलो नाही, तुझा बोअर चांगला लागलाय हे मला माहीत हाय, पण बोअर सप्टेंबरचा वेगळा आन मेचा वेगळा, हे तुला मी काय सांगू.

आणि एकदा भरलं की झालं असं नसतं. मागच्या मे महिन्यात मी आमच्या पुलाच्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवली, बादलीत आतून आणि पुलाच्या भिंतीला पेन्सिलनं खूण केली आणि आठ दिवस बघितलो. दोन्हीकडं पाणी सारखंच उतरत होतं, म्हणजे गळती नाही, नुसतं ऊन आणि वारं. (भिंतीवर जास्त उतरलं असतं तर गळती समजायची, ही युक्ती लक्षात ठेव, पुढं कामाला येईल.) रोजचं एक सेंटिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पाणी उडतं ते वरच्या पसरटपणावर, खोलीचा तिथं संबंध नाही, म्हणून पूल जेवढा लांब-रुंद तेवढं नुकसान. तुझ्या ८०० चौरस फुटांवरून त्याच हिशोबानं रोज साडेसातशे लिटरच्या जवळ जातील, महिन्याला २२ हजार. आमचा २० बाय १० चा आख्खा पूल भरायला २१ हजार लागतात! म्हणजे तुझ्या पुलातून एका मे महिन्यात उडून जाणाऱ्या पाण्यात माझा पूर्ण भरतो. रात्री ताडपत्रीसारखं कव्हर ओढलं की बरंच वाचतं, आम्ही ओढतो, पण ४० बाय २० चं कव्हर रोज दोघांनी ओढायचं म्हणजे पंधरा दिवसांत कंटाळा येणार आन मग ते गुंडाळून कोपऱ्यात पडणार.

आता सात फुटाचं बोलतो. तुला सात फूट कशाला पाहिजे ते मला बरोबर माहितेय. सूर मारायला. आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावरून आपण मारायचो तसा. पाठीला वाळलेला भोपळा बांधून आबांनी आपल्याला पाण्यात ढकललं होतं, भोपळ्याची दोरी काखेत काचायची आणि नाकातोंडात गेलेल्या पाण्याला शेवाळाचा वास यायचा, तो वास मला आजपण येतो. आन तिसऱ्या दिवशी आबांनी न सांगता भोपळा सोडून घेतला आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. पण दोस्ता, तिथं खाली वीस-पंचवीस फूट पाणी असायचं. डोक्यावर सूर मारायला कमीत कमी ९ फूट खोल पाणी लागतं, आणि तेपण बऱ्याच लांबीपर्यंत सपाट. घरच्या पुलात खोल भाग चार हातांचा असतो आन लगेच तळ वर चढतो, पोरगं पुढं सरकलं की डोकं फरशीवर. मानेला मार लागतो, तो आयुष्याचा लागतो. म्हणजे सात फूट हे सूर मारायला कमी आणि लेकरांना बुडायला जास्त. नकोच ते. सूर मारायचाय तर दोघं मिळून विहिरीवर जाऊ, पावसाळ्यानंतर.

घरच्यांसाठी ३ ते साडेचार फूट बास. तुझी धाकटी सात वर्षांची, चार फुटाच्या आसपास असेल, तिला तीन फुटात पाय टेकवून छातीपर्यंत पाणी येतं. थोरल्याला साडेचार फुटात नाक जेमतेम वर राहील म्हणून तिथं तू सोबत पाहिजेस, आन तू तिथं आरामात उभा राहशील, वहिनीसुद्धा. उतार हळूहळू घे, मधेच पायरीसारखा खड्डा ठेवू नको.

लांबी-रुंदी काढायला एकच प्रश्न विचार: रोजच्या साध्या दिवशी एका वेळेस पाण्यात किती माणसं? दिवाळीला पाहुणे येतील, मामाची पोरं येतील, ते नको धरू, ते पाळी लावतील. तुम्ही चौघं आणि शेजारच्या भावाची दोघं, सहा. एका माणसाला हातपाय मारायला माझ्या अनुभवानं ४५ चौरस फूट लागतात. सहा जणांना २७० झाले, म्हणून २४ बाय १२ कर. ३० हजार लिटरमध्ये काम होतं, दहा हजारी टँकर धरला तर तीन, तुझ्या आत्ताच्या मापाला अकराच्या वर लागतील. पंप-फिल्टरनं सगळं पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं असतं, म्हणजे तुला तासाला ५ हजार लिटरचा पंप पुरतो, त्या मोठ्याला जवळजवळ १९ हजाराचा. क्लोरिन, वाळूच्या फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं), लाइट बिल, सगळं त्याच पटीत चढतं. आणि जागाही बघ, चारी बाजूनं चार-चार फूट चालायला सोडलं की ४० बाय २० नं तुझ्या दहा गुंठ्यातला सव्वा गुंठा खाल्ला. २४ बाय १२ ला अर्ध्या गुंठ्याच्या थोडं वर लागतं, उरलेल्यात काकूंची पारिजातकाची आणि भाजीची जागा तशीच राहते.

व्यायामासाठी लांब पाहिजे असं तू म्हणशील. अरे ४० फुटातपण आठ-दहा हात मारले की वळावंच लागतं. कंबरेला रबरी दोरी बांधून एका जागी पोहता येतं, मी सकाळी वीस मिनिटं तसंच पोहतो, दम चांगला निघतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागलेली हाय ती सांगतो. माझ्या साडूनी चार वर्षांखाली ३६ बाय १८ चा पूल केला, आपल्यासारख्याच काळ्या रानात. कंत्राटदारानं खाली नीट मुरूम भरला नाही, काळी माती उन्हाळ्यात भेगाळती आणि पावसाळ्यात फुगती हे माहीत असूनही. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी पुरेना म्हणून पूल रिकामा केला, आणि तसाच रिकामा पावसाळ्यात राहिला. रिकामी टाकी म्हणजे मातीत रुतलेली होडीच की, आजूबाजूला पाणी भरलं की खालून उचलती. ऑगस्टमध्ये एका बाजूनं दोन इंच वर आला आन मधोमध अंगठा जाईल एवढी भेग. कंत्राटदार फोन उचलंना. आता तिथं सरपण आणि जुन्या पीव्हीसी पायपा पडल्यात. साडूची लेक त्याच्या काठावर बसून अभ्यास करती, ते बघितलं की गलबलून येतं. पूल वर्षभर भरलेला ठेवता आला पाहिजे, म्हणून मी मापावर एवढा अडून बसलोय.

कुंपण विसरू नको. चार फुटाची जाळी आणि आपोआप मिटणारं फाटक, आतून कडी. दर उन्हाळ्यात शेततळ्यात लेकरं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, प्लास्टिकच्या कागदावर पाय धरत नाही, दोर टाकलेला नसतो. घरच्या पुलाचंपण तसंच, मोठी माणसं आत चहा प्यायलीत आणि लेकरू काठावर, तेवढ्यात होतं.

येत्या रविवारी मी येतो. पन्नास मीटरचा टेप आणि रेघा आखायला पाच किलो फक्की (पांढरी पूड) घेऊन येतो, वहिनींना म्हणावं जेवायला हाय मी. संध्याकाळी ऊन उतरलं की जमिनीवर आधी तुझा ४० बाय २० आखू, मग त्याच्या आत माझा २४ बाय १२. लेकरांना सोडू आत, पोहल्यासारखं करायला लावू. काकूंना स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसव आणि विचार, तिथून पलीकडच्या कोपऱ्यातलं लेकरू ओळखू येतं का, हाक पोहोचती का. आमच्याकडं आईनं असंच बसून सांगितलं होतं, "हितून मला पोरीचं तोंड दिसंना गेलंय, अलीकडं घ्या," आणि आम्ही फक्की पुसून चार फूट अलीकडं घेतला. कडुलिंबाचं झाडपण तेव्हाच बघू, चैत्रात त्याचा मोहोर सगळा पाण्यात पडतो, फिल्टर तुंबतो. झाड तोडायचं नाही, पूल सरकवायचा.

बोअरच्या पाण्याची एक बाटली भरून ठेव, क्षार किती आहेत ते इथं लॅबमध्ये तपासून घेतो.

तुझाच

(आबांचा तो भोपळा अजून माळ्यावर हाय, येताना आणतो, धाकटीला.)